वाचकांचे प्रश्न : चित्रकार मित्राचे व्यक्तिशिल्प संस्थेला भेट देताना

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यातील एकाच गावात वाढलेले काही मित्र आहोत. आमच्यापैकी एक जण चित्रकार आहे. त्याने निवृत्त होईपर्यंत हायस्कुलात चित्रकला शिकवली, आसपासच्या गावांत जत्रेला होणाऱ्या मराठी नाटकांचे पडदे रंगवले आणि दर चवथीला घरच्या चित्रशाळेत गणपती केले. नाटकाचा पडदा रंगवून झाला की तो मंडपाच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहायचा, एक डोळा मिटून बराच वेळ पाहायचा आणि मग फक्त ‘आता चालेल’ एवढेच म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. हात थरथरतो, चालणे मंदावले आहे आणि यंदाच्या चवथीला त्याची चित्रशाळा प्रथमच बंद राहिली.

येत्या वर्षी त्याला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने वर्गणी काढून त्याचे ब्राँझचे व्यक्तिशिल्प करून घ्यावे आणि एखाद्या संस्थेला भेट द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. त्याला आणि वहिनींना अजून काही सांगितलेले नाही, कारण समारंभाच्या दिवशीच त्याला ते दाखवावे अशी इच्छा आहे. मात्र आमच्यात मतभेद आहेत. कोणी म्हणतात की ते गावच्या तिठ्यावर बसवावे, कोणी शाळेत म्हणतात, तर कोणी रवींद्र भवनाचे नाव घेतात. फायबरचे केले तर स्वस्त पडेल असेही एकाने सुचवले आहे. आमच्यातील एका ज्येष्ठ मित्राला तर हयात माणसाचा पुतळा करणे अशुभ वाटते. आम्ही कोणत्या क्रमाने पुढे जावे, कागदपत्रे कोणती करावीत आणि या देणगीवर आयकरात सवलत मिळते का, हे सविस्तर कळवावे.
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : तुमचा विचार फार चांगला आहे आणि तो वेळेवर सुचला आहे. बहुतेक कलाकारांचे पुतळे त्यांच्या पश्चात, चार जुन्या फोटोंवरून केले जातात. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी असलेला, संमोहनविद्येचे अभ्यासक आबे फारियांचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवला. फारिया १८१९ मध्ये वारले होते, त्यामुळे सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला शिल्पकाराने आपल्या कल्पनेतून उभे केले, आणि ते काम इतके जिवंत उतरले की आज फारिया म्हटले की आपल्याला तोच आवेश दिसतो. तुमच्या शिल्पकाराला मात्र कल्पनेवर विसंबण्याची गरज नाही, कारण ज्याचे शिल्प करायचे तो माणूस समोर खुर्चीवर बसू शकतो. ही संधी हाताशी असताना ती गुप्ततेपायी घालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. समारंभाच्या दिवशी पडदा बाजूला सारून त्याला चकित करण्याचा बेत कृपया सोडून द्या.

यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे, आपला चेहरा धातूत कायमचा उतरावा की नाही आणि तो कुठे ठेवावा, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या माणसाचा आहे. आजारात शरीर बदलत असते. कित्येकांना त्या काळात फोटो काढलेलाही आवडत नाही. शेकडो लोकांसमोर आपला आजारातला चेहरा अचानक पाहावा लागला, तर आनंदाऐवजी संकोच होण्याचीच शक्यता अधिक, आणि मित्रांनी प्रेमाने केले आहे म्हणून तो बोलूनही दाखवणार नाही. दुसरे कारण असे की तो स्वतः चित्रकार आहे आणि मूर्तिकारही आहे. ज्याने उभा जन्म रंग, आकार आणि मातीत घालवला, त्याच्या व्यक्तिशिल्पाबाबत त्याचेच मत विचारले नाही, तर सन्मानाचा गाभाच निसटतो. तेव्हा आधी वहिनींशी बोला, मग तुमच्यापैकी त्याच्या सर्वांत जवळच्या एकाने त्याच्याशी बोलावे, सगळ्यांनी मिळून जाऊन गळ घालू नये. तो नाही म्हणाला तर तो विषय तिथेच थांबवावा. त्याच्या चित्रांचे प्रदर्शन, जुन्या पडद्यांची डागडुजी, शाळेतल्या मुलांसाठी त्याच्या नावाने चित्रकलेचे साहित्य, असे सन्मानाचे इतर मार्ग मोकळे आहेत.

वहिनींशी बोलताना आणखी एक गोष्ट हळुवारपणे विचारून घ्या. उपचार, औषधे आणि घरी मदतीला माणूस ठेवणे यांचा खर्च कुटुंबाला जड जातो आहे का? जात असेल, तर वर्गणीचा पहिला वाटा तिकडे जावा आणि शिल्प थोडे लहान किंवा थोडे उशिरा व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गोवा सरकारच्या कला व संस्कृती संचालनालयाची कला सन्मान ही गरजू कलाकारांना साहाय्य देणारी योजना आहे. त्याची परिस्थिती त्यात बसत असेल, तर अर्ज भरणे आणि कागद गोळा करणे हे काम तुम्ही मित्रांनी अंगावर घ्यावे.

हयात माणसाचा पुतळा अशुभ, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. पुतळा दिसला की आपण हार घालतो, आणि हार घातलेली तसबीर म्हणजे गेलेला माणूस हे लहानपणापासून मनात बसलेले असते. तुमच्या ज्येष्ठ मित्राशी यावर वाद घालू नका. मात्र समोर बसवून केलेले व्यक्तिशिल्प ही कलेच्या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट आहे, हे त्यांना जरूर सांगा. रवींद्रनाथ ठाकूर १९२६ मध्ये लंडनला जेकब एपस्टाइन यांच्यासमोर बसले होते, पुढे शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनीही त्यांचे शिल्प केले. गोलमेज परिषदेसाठी १९३१ मध्ये लंडनला गेलेले गांधीजी आपले काम करत असताना जो डेव्हिडसन यांनी त्यांचा चेहरा मातीत उतरवला होता. एवढे ऐकूनही त्यांचे मन मानले नाही, तर शिल्पाला हार घालायचा नाही, दिवा लावायचा नाही आणि ‘पुतळा’ न म्हणता ‘व्यक्तिशिल्प’च म्हणायचे, एवढे ठरवले तरी त्यांची अस्वस्थता बरीच कमी होईल.

आता बैठकांविषयी. या कामातला सर्वांत नाजूक आणि सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि त्याचा परिणाम हातापायांइतकाच चेहऱ्यावरही होतो. चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मंदावते, पापण्या कमी लवतात आणि माणूस आतून आनंदात असला तरी चेहरा स्थिर राहतो. ज्याला हे ठाऊक नाही असा शिल्पकार समोर दिसणारा चेहरा जसाच्या तसा घडवील, आणि मोजमाप अचूक असूनही तुम्ही सगळे म्हणाल की हा आमचा मित्र नव्हे. उलट तीस वर्षांपूर्वीचा फोटो देऊन ‘असा करा’ असे सांगितले, तर आजच्या माणसाला वगळल्यासारखे होईल. यावर उपाय असा की कवटीचा आकार, कपाळ, जबड्याची हाडे, नाकाची धार आणि कानाची ठेवण समोर बसवून घ्यावी, आणि भाव मात्र त्याला बोलते करून शोधावा. शिल्पकार काम करत असताना तुमच्यापैकी एकाने शेजारी बसून पडद्यांच्या, नाटकांच्या, गणपतीच्या मातीच्या गोष्टी काढाव्यात. तुम्ही पत्रात लिहिलेले ते एक डोळा मिटून पाहणे शिल्पकाराला आवर्जून सांगा. शिल्पात डोळा मिटलेला दाखवावा असे मी म्हणत नाही. पण तसे पाहणाऱ्या माणसाची मान किंचित मागे जाते, भुवई एका बाजूला चढते आणि डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचा पंखा उमटतो. पन्नास वर्षांच्या सवयीने ती खूण चेहऱ्यावर कायम राहिलेली असते, आजारानेही ती पुसली जात नाही. चांगला शिल्पकार तिथूनच सुरुवात करील.

बैठक लांबवू नये. अर्धा-पाऊण तास पुरे, आणि तोही औषधाचा परिणाम चांगला असलेल्या वेळेतला. या आजारात गोळी घेतल्यानंतर काही वेळ हालचाल मोकळी असते आणि पुढची गोळी जवळ आली की ताठरपणा वाढतो. दिवसातली चांगली वेळ कोणती, हे वहिनी अचूक सांगू शकतील. बैठकीच्या सोयीसाठी गोळीची वेळ बदलायची नाही. हातांची खुर्ची, पाठीला उशी, पाण्याचा तांब्या आणि एका बाजूने येणारा उजेड एवढे असले की झाले. त्याला शिल्पकाराच्या स्टुडिओत ने-आण करण्यापेक्षा शिल्पकारानेच त्याच्या घरी यावे, आणि शक्य असेल तर काम त्या बंद असलेल्या चित्रशाळेतच करावे, असे मला मनापासून वाटते. तिथे माती आहे, पाट आहेत, उजेड आहे, आणि आपल्याच जागेत बसलेला माणूस लवकर मोकळा होतो. तो शिल्पकाराच्या चुका काढील, कान खाली आला आहे किंवा हनुवटी जड झाली आहे असे सांगेल, तर त्याला सांगू द्या. कानाचा वरचा काठ साधारण भुवईच्या रेषेत आणि पाळी नाकाच्या खालच्या टोकाच्या रेषेत येते. मान खाली झुकलेल्या माणसाच्या बाबतीत नेमकी हीच रेषा चुकते आणि ती चूक मूर्तिकाराच्या नजरेतून सुटत नाही.

प्रत्येक बैठकीच्या वेळी फोटो काढून ठेवावेत. डोक्याच्या भोवती फिरून, डोळ्यांच्या उंचीवरून, प्रत्येक बाजूने एक याप्रमाणे आठ ते बारा फोटो असावेत आणि ते दोन-तीन मीटर अंतरावरून काढावेत. मोबाइल चेहऱ्याजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात आणि शिल्पकाराची त्यावरून फसगत होते. कॅलिपरने (अंतर मोजण्याच्या चिमट्याने) घेतलेली मापेही लिहून ठेवावीत, म्हणजे प्रकृतीमुळे पुढच्या बैठका होऊ शकल्या नाहीत तरी काम अडणार नाही. चेहऱ्यावर प्लास्टर लावून थेट साचा घेण्याचे कोणी सुचवले, तर स्पष्ट नकार द्या. प्लास्टर घट्ट होताना तापते, श्वासाची अडचण होते, आणि या आजारात गिळण्याचा त्रास असेल तर ते धोक्याचेही आहे. शिवाय तसा साचा म्हणजे मिटल्या डोळ्यांचा, ओघळलेला चेहरा असतो. त्याला व्यक्तिशिल्प म्हणता येत नाही. हाताचे शिल्प मात्र जरूर करून घ्यावे असे मी सुचवेन. कुंचला धरलेला उजवा हात, मातीत घडवलेला, चेहऱ्याच्या शेजारी छोट्या बैठकीवर ठेवला, तर पडदे रंगवणाऱ्या माणसाची ओळख त्यातून पूर्ण होईल. त्याला हात दाखवायचा नसेल तर तेही मान्य करावे.

शिल्पकार निवडताना त्याने केलेली पूर्ण व्यक्तिशिल्पे प्रत्यक्ष पाहा, केवळ फोटो नव्हे, आणि ज्यांची ती शिल्पे आहेत त्यांच्या घरच्यांना साम्याबद्दल विचारा. पणजीच्या आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले शिल्पकार आपल्याकडे आहेत. चौकशी तिथून सुरू करणे सोयीचे जाईल. कराराने पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : सुरुवातीला आगाऊ रक्कम, मातीकाम पसंत झाल्यावर एक हप्ता, मेणाची प्रत तपासल्यावर एक आणि शिल्प जागेवर बसल्यावर उरलेली रक्कम. यातले मातीकाम पसंत करणे हा टप्पा निर्णायक आहे. मातीत नाक बदलायला दहा मिनिटे लागतात, साचा घेतल्यावर तेच काम अवघड होते आणि धातू ओतल्यावर जवळजवळ अशक्य. म्हणून त्या दिवशी वहिनी, मुले आणि तुमचा मित्र स्वतः तिथे हवेत. वर्गणीदारांची गर्दी मात्र नको, कारण प्रत्येक जण आपल्या आठवणीतला चेहरा शोधतो आणि शिल्पकार गोंधळतो.

धातूबाबत माझे मत ब्राँझच्याच बाजूने आहे. मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यातून मेणाची पोकळ प्रत, तिच्याभोवती उष्णता सोसणारे आवरण, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत तांबे आणि कथील यांचा वितळलेला मिश्रधातू ओतणे, अशी ही जुनी पद्धत आहे. धातूची जाडी पाच-सहा मिलिमीटर असते आणि थंड होताना तो शेकडा दीड-दोन इतका आकसतो, याचा हिशेब शिल्पकाराने आधीच धरायचा असतो. नेमक्या मापाचे शिल्प उघड्यावर किंवा मोठ्या सभागृहात लहान भासते, म्हणून ते सव्वापट करावे की नाही हे जागा ठरल्यावरच ठरवावे. ओतकाम, जोडकाम आणि रासायनिक रंग चढवणे याला काही महिने लागू शकतात. यासाठी समारंभाची तारीख आधी जाहीर करून कामाच्या मागे लागू नका. मातीकाम झाले की प्लास्टरची एक प्रत तयार ठेवावी आणि प्रकृतीची घाई असेल तर समारंभ त्या प्रतीवर उरकावा. ब्राँझ मागाहून आले तरी चालेल, पण त्याने स्वतः आपले शिल्प पाहणे राहून जाता कामा नये. फायबर ग्लास हलके आणि स्वस्त असते हे खरे. मात्र त्यातील राळ उन्हाने पिवळी पडून ठिसूळ होते आणि वरचा ब्राँझसारखा रंग पापुद्र्यांनी सुटू लागतो. पैसे कमीच पडत असतील, तर मोठ्या फायबरच्या शिल्पापेक्षा लहान, एक वीत उंचीचे ब्राँझ बरे.

जागेबाबत तुमच्यातील तिठ्याचा पक्ष मी पहिल्यांदा बाद करीन. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना दिला आहे. तो बाजूला ठेवला तरी चार महिन्यांचा पाऊस, वाहनांचा धूर आणि कावळे यांच्यात एका शांत चित्रकाराला उभे करणे मला पटत नाही. शिवाय उघड्यावरचे पुतळे काळाबरोबर हलतात. गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क आणि पोर्तुगीज कवी कामोंइश यांचे एके काळी मोक्याच्या जागी असलेले पुतळे आज जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. तुमच्या मित्राच्या बाबतीत शाळा हीच सर्वांत योग्य जागा आहे, असे मला वाटते. तिथे त्याने शिकवले, त्याला ओळखणारे शिक्षक आणि माजी विद्यार्थी तिथे येत राहतील आणि चित्रकलेच्या वर्गाबाहेरची भिंत त्याच्या हक्काची आहे. रवींद्र भवन किंवा राजीव गांधी कला मंदिर यांसारख्या ठिकाणी प्रेक्षक अधिक येतात, पण तिथे निर्णय समितीचा असतो आणि समित्या बदलतात. संग्रहालयाने वस्तू स्वीकारली म्हणजे ती मांडली जाईलच असेही नसते, ती नोंदवून कोठारात ठेवली जाऊ शकते. ही सगळी चौकशी शिल्पकाराला आगाऊ रक्कम देण्याआधी करा. संस्थेचे लेखी होकारपत्र हाती नसताना शिल्प घडवून ठेवले आणि मग जागा शोधत फिरलो, असे होऊ नये.

कागदपत्रे फार नाहीत, पण नेटकी हवीत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार जंगम वस्तूची भेट प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते, परंतु घेणाऱ्याने ती देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेली असावी लागते. म्हणून एक साधे भेटपत्र आणि त्यावर संस्थेचा स्वीकाराचा ठराव घ्यावा. त्यात शिल्प कुठे राहील, देखभाल कोण करील, जागा बदलायची झाल्यास कुटुंबाला कधी कळवावे लागेल आणि संस्थेला ते नको झाले तर कुटुंबाकडे परत द्यावे लागेल, एवढे चार मुद्दे स्पष्ट लिहावेत. हा शेवटचा मुद्दा कोणाला अपशकुनी वाटेल, पण तोच सर्वांत उपयोगी पडतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून ठेवण्यात आले आणि त्याची मोडतोड झाली. शिल्पकाराने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. कृती विकली किंवा दिली तरी तिची विटंबना होऊ न देण्याचा कलाकाराचा विशेष हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने राखलेला आहे, हे त्या निकालाने ठळक झाले.

कॉपीराइटबाबत एक बारकावा लक्षात असू द्या. मोबदला देऊन फोटो किंवा रंगवलेले व्यक्तिचित्र करून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा कॉपीराइट करून घेणाऱ्याकडे जातो. शिल्पाचा मात्र त्या तरतुदीत उल्लेख नाही, त्यामुळे पैसे तुम्ही दिले तरी कॉपीराइट शिल्पकाराकडेच राहील. तो त्याच्याकडे राहण्यात काही गैर नाही. फक्त स्मरणिकेत छायाचित्र छापणे, साचा कोणाकडे राहील आणि एकूण किती प्रती ओतल्या जातील, या गोष्टी करारात लिहून घ्या.

आयकराचे उत्तर थोडक्यात असे की वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेला पैशाच्या रूपात देणगी दिली आणि संस्थेने शिल्प करून घेतले, तर जुन्या करपद्धतीत असलेल्या देणगीदारांना लाभ होऊ शकतो. तेथेही २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही. मात्र तसे केल्यास शिल्पकार निवडण्याचा हक्क संस्थेकडे जातो, म्हणून केवळ सवलतीसाठी ती वाट धरू नये.

नामफलकावर त्याचे नाव, गाव, जन्मवर्ष आणि ‘चित्रकार, मूर्तिकार, शिक्षक’ एवढे लिहावे, खाली बारीक अक्षरात शिल्पकाराचे नाव आणि वर्ष घालावे. जन्मवर्षानंतर आडवी रेघ ओढून पुढे जागा मोकळी सोडलेले फलक मी पाहिले आहेत. ती रेघ कृपया नको. ‘जन्म’ हा शब्द लिहून वर्ष दिले की पुरे. वर्गणीदारांची यादी फलकावर न घालता ‘मित्रांकडून’ असे लिहिले, तर ते त्यालाही अधिक आवडेल.

एका बाबतीत तुमच्या बेतात मला भर घालावीशी वाटते. व्यक्तिशिल्प चेहरा दाखवते, काम दाखवत नाही. गोमंतकीय चित्रकार आन्तोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह पणजीला फोंतेन्यश भागात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहे आणि चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचे काम पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन झाले आहे, म्हणून ते दोघे आजच्या विद्यार्थ्यांना भेटतात. तुमच्या मित्राचे पडदे मात्र कुठल्या तरी देवस्थानाच्या खोलीत गुंडाळून पडलेले असतील, आणि गुंडाळलेल्या कापडाचा रंग घडीवर सुटतो, दमट हवेत त्याला बुरशी धरते. त्यातील निदान एक चांगला पडदा मिळवून, उलगडून, त्याचे नीट फोटो घेऊन शिल्पाबरोबर शाळेला द्यावा. त्याच्या घरची रेखाटने द्यायची झाल्यास भेटपत्रावर वहिनींचीही सही घ्या, कारण गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक असते. कोणता पडदा निवडायचा, हे अर्थातच त्याने सांगावे. ते सांगायला तो आज समर्थ आहे, आणि म्हणूनच हे काम चवथीपर्यंत लांबवू नका.

प्रश्न : आमच्या विद्यालयाच्या व्हरांड्यात आमच्या निवृत्त कलाशिक्षकांचे अर्धशिल्प आहे. ते काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी भेट दिले होते. ते फायबरचे असून त्यावरचा रंग सुटू लागला आहे आणि एका कानाजवळ तडा गेला आहे. सर आता बरेच आजारी आहेत, तरी स्नेहसंमेलनाला येण्याची त्यांची इच्छा आहे. शिल्प तोवर काढून ठेवावे की रंगवून घ्यावे? ब्राँझचे करून घेतल्यास त्याची निगा कशी राखावी?
— एक मुख्याध्यापिका, डिचोली

उत्तर : काढून ठेवू नये. सर येतील तेव्हा रिकामा चौथरा त्यांना नक्की दिसेल. साध्या रंगाऱ्याकडून सोनेरी किंवा काळा रंगही फासून घेऊ नका, त्यामुळे डोळ्यांच्या कडा आणि ओठांची रेषा बुजते. मूळ शिल्पकार उपलब्ध असेल तर तोच तडा राळेने भरून, सुटलेला रंग खरवडून पुन्हा रंग देऊ शकेल, आणि हे काम थोड्या दिवसांत होते. तो उपलब्ध नसेल तर फायबरचे काम जाणणारा दुसरा शिल्पकार गाठावा आणि मूळ शिल्पकाराला तसे कळवावे. दुरुस्तीनंतर शिल्प व्हरांड्यातून आत, थेट ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीशी हलवा. बैठक अशा उंचीची करा की शिल्पाचे डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील, आणि सर चाकाच्या खुर्चीतून येणार असतील तर त्यांना मान फार वर करावी लागणार नाही इतक्या अंतरावर त्यांची जागा ठेवा.

हेच शिल्प पुढे ब्राँझमध्ये ओतायचे असल्यास फायबरच्या प्रतीवरून साचा घेता येतो, पण त्यासाठी शिल्पकाराची लेखी परवानगी लागेल. ब्राँझची निगा सोपी आहे. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, तटस्थ (आम्ल नसलेल्या) मेणाचा पातळ हात द्यावा. समईला लावतो तशी चिंच आणि मीठ लावून ते कधीही घासू नये, पितळेसाठीचे बाजारी पॉलिशही वापरू नये. आम्लाने वरचा रंग निघून जातो, आणि मिठातील क्लोराइड धातूत शिरले की फिकट हिरवी भुकटी धरू लागते आणि ती आतून वाढत जाते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानेही तेच होते. डिचोली आत असल्याने तुम्हाला तो त्रास कमी, दमटपणाचा मात्र आहेच. ओल्या फुलांचा हार घातलाच, तर कार्यक्रम संपताच काढून शिल्प कोरडे पुसावे आणि हळदकुंकू लावू नये. शिपायाला हे एकदा समजावून सांगा आणि शिल्पामागच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, चार ओळींत लिहून लावा, म्हणजे माणूस बदलला तरी पद्धत बदलणार नाही.